एकाच मक्याचे तीन रिपोर्ट आणि तीन आकडे, यातला खरा कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जनावरांच्या खाद्यासाठी घेतलेल्या मक्याच्या एकाच लॉटमधून एकेक किलोच्या तीन पिशव्या भरून तीन लॅबना पाठवल्या, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) एकीने ४ पीपीबी म्हणजे किलोला ४ मायक्रोग्रॅम दिलं, दुसरीने १९ आणि तिसरीने ६२. आता खोटं कोण बोलतंय, आणि पुढच्या वेळी स्ट्रिप करावी, एलायझा करावी (या दोन्ही झटपट किटच्या चाचण्या) की थेट एचपीएलसी (लॅबमधलं मशीन, अर्कातले पदार्थ वेगळे करून मोजणारं).

बावीस-तेवीस वर्षं हेच मोजत बसलोय त्यामुळे सरळ सांगतो, खोटं बहुतेक कुणीच बोलत नाहीये. तिघांनी आपापल्या पिशवीतलं बरोबर मोजलं असणार, पिशव्याच वेगळ्या होत्या. लोक मशीनवरून वाद घालतात, आणि आकडा ठरून गेलेला असतो तो पोत्यात नळी खुपसली तेव्हाच.

बुरशीचं विष धान्यात साखर विरघळावी तसं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ, आणि मधेच एखादा दाणा असा की त्यात ठासून भरलंय. मक्याच्या एका दाण्यात ४ लाख पीपीबीपर्यंत अफ्लाटॉक्सिन सापडलेलं आहे, शेंगदाण्याच्या एका दाण्यात तर १० लाखांच्या वर. आता हिशोब करून बघा. मक्याचा दाणा साधारण ०.३ ग्रॅमचा धरा, ४ लाख पीपीबी म्हणजे ग्रॅमला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या एका दाण्यात झाले १२० मायक्रोग्रॅम. हा एक दाणा ६ किलो स्वच्छ मक्यात टाकला की सरासरी झाली २० पीपीबी, जी युरोपात खाद्याच्या कच्च्या मालाला बी-१ (अफ्लाटॉक्सिनच्या बी-१, बी-२, जी-१, जी-२ या प्रकारांतला एक) साठी आणि अमेरिकेत माणसाच्या खाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनसाठी मर्यादा आहे. ६ किलोत दाणे किती, तर २० हजार. म्हणजे २० हजारात एक दाणा नासका असला तरी लॉट काठावर आला.

आता तुमच्यासारखं या लॉटमधून एकेक किलोच्या पिशव्या भरल्या तर काय होईल? साधारण सहातल्या पाच पिशव्यांत तो दाणा येणारच नाही, रिपोर्ट शून्य. सहाव्या पिशवीत आला की रिपोर्ट १२०. लॉट खरा २० चा आणि २० हा आकडा एकाही रिपोर्टवर दिसणार नाही! प्रत्यक्षात थोडे कमी-जास्त बिघडलेले दाणे बरेच असतात म्हणून एवढं टोकाचं होत नाही, पण ४, १९ आणि ६२ सहज होतं, मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

म्हणूनच युरोपच्या नियमात मोठ्या लॉटला १०० ठिकाणांहून सुमारे १००-१०० ग्रॅम काढून १० किलोचं एकत्र सॅम्पल करायला सांगितलंय. लोकांना हे अति वाटतं. मला विचाराल तर हे कमीत कमी आहे. आणि १०० ठिकाणं म्हणजे खरोखर १०० ठिकाणं, दाराजवळच्या चार पोत्यांतून २५-२५ वेळा नव्हे. सगळ्यात चांगलं म्हणजे माल हलत असताना घ्यायचं, कन्व्हेयरवरून पडतोय, ट्रक रिकामा होतोय, तेव्हा ठरावीक वेळाने पूर्ण धारेखालून भांडं फिरवायचं. रचून ठेवलेल्या ढिगात कणी, धूळ, फुटके दाणे मधे साचतात आणि अख्खे दाणे घरंगळत कडेला जातात, विष जास्त असतं ते फुटक्या दाण्यांत आणि धुळीत. कडेकडेने मूठभर उचललं की लॉट हमखास पास होतो, काही जण हे मुद्दाम करतात तो भाग वेगळा.

सॅम्पल पाठवताना अजून एक. ओलसर मका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस प्रवासात ठेवला तर वाटेत बुरशी वाढते आणि तुम्ही पाठवला त्यापेक्षा जास्त विषारी मका लॅबला पोचतो. ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर असेल तर आधी सुकवा नाहीतर फ्रीझरला टाका, आणि कापडी किंवा कागदी पिशवी वापरा.

दळण. हा माझा आवडता विषय आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित पण हाच. १० किलो सॅम्पल आलं तर ते सगळं दळायचं, त्यातनं २०० ग्रॅम दाणे उचलून दळले की वरची सगळी मेहनत पाण्यात, कारण परत तोच नासका दाणा आत आला की बाहेर राहिला हा जुगार. दळलं की त्या एका दाण्याचे हजारो कण होऊन सगळीकडे पसरतात, तोच तर दळण्याचा हेतू. भरडा नको, पीठ हवं, २० मेशच्या चाळणीतून म्हणजे ०.८५ मिलिमीटरच्या भोकातून जवळजवळ सगळं गेलं पाहिजे. काही लॅब त्यात पाणी घालून मोठ्या मिक्सरमध्ये खिरीसारखं पातळ करून घेतात, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कोरडं पीठ हाताळताना परत बारीक वर-खाली होतं, ओल्यात तसं होत नाही. घाण फार होते, कबूल.

ग्राइंडरची एक फजिती सांगतो, माझीच. सुरुवातीच्या वर्षांत एकदा ओळीने पाच-सहा सॅम्पल ५-६ पीपीबीच्या आसपास यायला लागले, अगदी ज्यात काही नसायला हवं त्या स्वच्छ मक्यात सुद्धा. दोन दिवस मशीनवर, सॉल्व्हंटवर, कॉलमवर शंका घेतली. शेवटी निघालं काय तर त्याआधी ७००-८०० पीपीबीचं एक सॅम्पल दळलं होतं आणि त्याचं पीठ ग्राइंडरच्या जाळीत अडकून थोडंथोडं पुढच्या प्रत्येकात उतरत होतं. तेव्हापासून प्रत्येक सॅम्पलच्या मधे स्वच्छ धान्य दळून फेकायचं आणि ज्याच्यावर संशय आहे ते शेवटी दळायचं. आजही कुठली नवीन लॅब बघायला गेलो की मी आधी ग्राइंडरची खोली बघतो, मशीनची नंतर.

पीठ झालं की त्यातून विष बाहेर काढायचं. २५ नाहीतर ५० ग्रॅम पीठ घेऊन मिथेनॉल-पाणी, ७०:३० किंवा ८०:२० असं, नाहीतर अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी. पाणी लागतंच, त्याने पीठ फुगतं आणि सॉल्व्हंट आत शिरतो, शुद्ध सॉल्व्हंट कोरड्या पिठावरून नुसता वाहून जातो. वेळ वाचवायला ५ ग्रॅम घेणाऱ्यांना माझं सांगणं, तुमचं पीठ टाल्कम पावडरइतकं बारीक आहे का? नसेल तर ५० घ्या. आणि खाद्यात टॉक्सिन बाइंडर म्हणून माती म्हणजे बेंटोनाइट घातलेलं असेल तर लॅबला आधी सांगा, मातीला धरून बसलेलं अफ्लाटॉक्सिन मिथेनॉल-पाण्याने पूर्ण सुटत नाही आणि आकडा कमी येतो.

हा जो अर्क निघतो तो म्हणजे नुसता चिखल, त्यात तेल, रंग, साखर, प्रथिनं सगळं असतं. तो साफ करायला इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलम वापरतात, छोट्या नळीत जेल आणि त्या जेलला चिकटवलेल्या अँटिबॉडी, त्या फक्त अफ्लाटॉक्सिनला धरतात, बाकी सगळं धुऊन जातं, मग शुद्ध मिथेनॉल टाकलं की अँटिबॉडी पकड सोडते. कल्पना भारी आहे, पण दोन-तीन ठिकाणी लोक हमखास घसरतात. एक म्हणजे अर्क पुरेसा पातळ न करता ओततात. मिथेनॉल जास्त राहिलं की अँटिबॉडी धरतच नाही, मग विष सरळ खाली निघून जातं आणि रिपोर्टवर सुंदर कमी आकडा. दुसरं, घाई. सेकंदाला एखादा थेंब एवढ्याच गतीने जाऊ द्यायचं असतं, सिरिंजने जोरात ढकलायचं नसतं. तिसरं कॉलमची क्षमता, बऱ्याच कॉलमची १०० नॅनोग्रॅमच्या आसपास असते. तुम्ही १ ग्रॅम मक्याइतका अर्क ओतला तर १०० पीपीबीला कॉलम भरला, सॅम्पल ५०० चं असलं तरी रिपोर्ट १००-१२० वर अडकणार. त्यामुळे आकडा क्षमतेच्या जवळ आला की अर्क अजून पातळ करून परत चालवायचं, यात वाद नाही.

मशीनकडे येतो. ही विषं सापडली त्याची गोष्ट १९६० ची, इंग्लंडमध्ये १ लाखाच्या वर टर्कीची पिल्लं मेली, खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. तेव्हा काचेच्या प्लेटवर अर्काचे ठिपके टाकून अतिनील दिव्याखाली बघायचे, निळे चमकले ते बी म्हणजे ब्लू, हिरवे चमकले ते जी म्हणजे ग्रीन, नावं एवढ्यावरूनच पडली. आज एचपीएलसीमध्ये तीच चमक डिटेक्टर मोजतो, ३६० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड टाकायचा आणि ४४० च्या आसपासचा परत येणारा मोजायचा. गंमत अशी की चालत्या द्रावणात पाणी असल्यामुळे बी-१ आणि जी-१ ची चमक विझते, बी-२ आणि जी-२ ची नाही. म्हणून एचपीएलसीच्या कॉलमनंतर ब्रोमीन, आयोडीन किंवा अतिनील दिव्याच्या रिअ‍ॅक्टरने बी-१ आणि जी-१ ला थोडं बदलून चमकवावं लागतं. रिपोर्टसोबत क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला आलेख, त्यातला उंचवटा म्हणजे पीक) मिळाला तर बघा, मक्यात बी-१ चं पीक बी-२ पेक्षा बरंच मोठं असायला पाहिजे, उलटं दिसलं तर बहुतेक तो रिअ‍ॅक्टर बंद पडलाय आणि लॅबला पत्ता नाही. आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही मक्यात नेहमी सापडणारी बुरशी फक्त बी बनवते, जी बनवते ती पॅरासिटिकस, त्यामुळे मक्यात जी चं मोठं पीक आलं तर मी आधी विचारतो की यात शेंगदाण्याची पेंड मिसळली होती का.

एलसी-एमएस-एमएसचं (रेणूच्या वजनावरून ओळखून मोजणारं मशीन) आता फार कौतुक आहे आणि ते रास्त पण आहे, एका इंजेक्शनमध्ये अफ्लाटॉक्सिन, ऑक्राटॉक्सिन, डॉन, झिअरॅलेनोन, फ्युमोनिसिन, टी-२ अशी बुरशीची विषं सगळी. पण अर्क साफ न करता तसाच टाकला तर सोबतचा कचरा सिग्नल दाबतो, मक्यात वेगळा, मिश्र खाद्यात अजून वेगळा, त्यामुळे नुसत्या सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डशी (माहीत प्रमाणाचं शुद्ध विष) तुलना केली की आकडा अर्धा सुद्धा येऊ शकतो. याला उपाय म्हणजे कार्बन-१३ वालं जड स्टँडर्ड (तेच विष, फक्त त्यातला कार्बन जड) प्रत्येक सॅम्पलमध्ये घालायचं, जे दबायचं ते दोघंही सारखंच दबतात आणि गुणोत्तर बरोबर राहतं. लॅबला एवढंच विचारा की जड स्टँडर्ड घालता का, नसेल तर त्याच मालाच्या स्वच्छ नमुन्यात कॅलिब्रेशन करता का. दोन्हीला उत्तर गुळमुळीत आलं तर तुम्हाला कळलंच.

स्ट्रिप आणि एलायझाला मी नावं ठेवत नाही, गेटवर ट्रक उभा आहे आणि १५ मिनिटांत घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचंय तिथे एचपीएलसी काय कामाची? फक्त ध्यानात ठेवा की दोन्हीत उलटा कारभार आहे, रंग जितका फिका तितकं विष जास्त, कारण सॅम्पलमधलं विष आणि किटमधलं रंगवालं विष एकाच अँटिबॉडीसाठी भांडतात. म्हणून रंग यायला अडथळा करणारं काहीही असलं, चुकीचा पीएच, जास्त मिथेनॉल, थंडगार पडलेलं किट, तर खोटं विष दिसतं. किट ज्या मालासाठी तपासलंय त्यावरच वापरा. मक्याचं किट डीडीजीएसवर म्हणजे इथेनॉल कारखान्यातून उरलेल्या चोथ्यावर वापरलं की गोंधळ, आणि तिथे विष मूळ मक्याच्या साधारण तिप्पट झालेलं असतं कारण स्टार्च गेला आणि विष मागे राहिलं. अजून एक, अँटिबॉडी बी-१ ला धरते तेवढं जी-२ ला धरत नाही, त्यामुळे एलायझाचा 'एकूण' हा शब्द मी मनातल्या मनात अवतरणात वाचतो.

काळ्या म्हणजे अतिनील दिव्याखाली मका धरून हिरवट-पिवळा चमकतोय म्हणून लॉट नापास करणारेही आहेत. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसतेच, त्याच बुरशीच्या कोजिक अ‍ॅसिडपासून बनणाऱ्या पदार्थाची असते. म्हणजे बुरशी येऊन गेली असावी एवढंच, विष आहे का आणि किती, याचं उत्तर तिथे नाही. तसंच बुरशी दिसत नाही म्हणून माल चांगला हे पण चूक, बुरशी मरून जाते, विष राहतं, नेहमीच्या शिजवण्याने किंवा पाश्चरायझेशनने ते जात नाही.

बाकीच्या विषांवर थोडंसंच. डॉन आणि झिअरॅलेनोन शेतातच, कणसावर किंवा ओंबीवर फ्युजेरियम बुरशी पसरून तयार होतात त्यामुळे अफ्लाटॉक्सिनपेक्षा जरा सारखे पसरलेले असतात, सॅम्पलिंगचा त्रास कमी. फ्युमोनिसिन मुळात चमकतच नाही, त्याला ओपीए नावाचं रसायन लावून चमकवावं लागतं आणि ती चमक दोन-चार मिनिटांत उतरायला लागते, मधे फोन आला की गेलं सॅम्पल. सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन हे बुरशीचं विष बघताना शेजारीच एचएमएफचं (रस तापवला की साखरेपासून बनणारा पदार्थ) पीक येतं, दोन्ही नीट वेगळी झालेली नसतील तर त्या रिपोर्टला अर्थ नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे. विल्यम हॉर्विट्झ या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की पदार्थाचं प्रमाण जितकं कमी तितका दोन लॅबमधला फरक वाढतो, आणि पीपीबीच्या पातळीवर आज साधारण २२ टक्के विचलन मान्य धरतात. म्हणजे अगदी एकच पीठ चांगल्या लॅबना वाटलं आणि खरं प्रमाण २० असलं, तरी ११ ते २९ मधलं काहीही येऊ शकतं आणि ती चूक नाही. तुमचा १९ त्यात बसतो, पण ४ आणि ६२ एकाच पिठातून या हिशोबात बसत नाहीत, म्हणून माझा पहिला संशय पिशव्यांवर. त्याआधी तिन्ही रिपोर्टवर तीन गोष्टी मात्र बघून घ्या, आकडा फक्त बी-१ चा की एकूण, रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या विषातलं किती टक्के परत मोजलं गेलं) किती आणि तिने आकडा दुरुस्त केलाय का, आणि ओलावा कितीवर धरलाय. रिकव्हरी ७० टक्के असलेली लॅब दुरुस्ती न करता १४ लिहिते तिथे दुसरी दुरुस्त करून २० लिहिते, माल एकच.

हे खाद्य दुभत्या जनावरांना जाणार असेल तर जरा जास्त काळजी घ्या. बी-१ पोटात गेलं की त्यातलं काही एम-१ होऊन दुधात उतरतं, साधारण १-२ टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत ६ पर्यंत. गाय १० किलो खुराक खाते, खुराक २० पीपीबीचा आहे, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम बी-१ गेलं, २ टक्क्यांनी ४ मायक्रोग्रॅम दुधात, दूध २० लिटर, म्हणजे लिटरला ०.२. युरोपची मर्यादा ०.०५ आहे, चौपट झालं. अमेरिकेत आणि कोडेक्समध्ये (अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष) ०.५ आहे, तिथे पास. हाच हिशोब ५ पीपीबीने केला की बरोबर ०.०५ येतो, आणि युरोपात दुभत्या जनावरांच्या तयार खाद्याला ५ चीच मर्यादा आहे. बरं एवढंच की खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं.

स्वतः लॅब चालू करायचा विचार असेल तर कोरड्या पावडरचं स्टँडर्ड अजिबात घेऊ नका, ती स्थिर विजेने उडते आणि बी-१ हे माणसाला कॅन्सर करणारं आहे हे सिद्ध झालेलं आहे, तयार द्रावणच घ्या. काचेची भांडी आम्लाने धुतलेली हवीत नाहीतर काचच थोडं विष धरून ठेवते, बाटल्या गडद रंगाच्या, आणि सांडलं तर ब्लीच.

या लॉटचं आत्ता काय करायचं? तिन्ही लॅबना फोन करा, दळलेलं पीठ थोडं राखून ठेवलेलं असतं ते मागा आणि एकमेकींना वाटा, ६२ वाल्याचं पीठ ४ वाल्याकडे आणि उलटं. ४ वाल्या लॅबने ६२ वालं पीठ ५०-७० च्या आसपास दिलं तर दोन्ही लॅब ठीक आहेत आणि दोष पिशवीचा. तिने तेच पीठ ८-१० दिलं तर मग तिच्या कॉलमबद्दल आणि रिकव्हरीबद्दल विचारायची वेळ आली. आणि तोपर्यंत लॉट हलवताना १०० ठिकाणांहून १० किलो काढून, सगळं दळून, एकाच लॅबला द्या, दोन वेगवेगळी वजनं घेऊन दोनदा करायला सांगा. ते होईपर्यंत मी तरी हा मका दुभत्या गाईंपुढे टाकणार नाही.